गणिताचं मोफत ॲप: शिकवणी झकास, खात्याचा घोळ

धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून सातवीत माझी शाळा सुटली. आता चाळिशीत या ॲपवर गणित शिकतेय. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, असं शाळेत विचारलं की ‘पाठ कर’ एवढंच उत्तर. इथल्या बाईंनी कागदाची पट्टी दुमडून दाखवली. 3/4 भागिले 1/2, म्हणजे पाऊणमध्ये अर्धा किती वेळा बसतो? दीड वेळा! तो व्हिडिओ मी पाचदा मागे नेला, कुणी उसासा टाकला नाही. धडे डाउनलोड होतात, नेट नसलं तरी अडत नाही.

पण एका फोनवर एकच खातं. आमच्याकडे फोन एक, शिकणाऱ्या दोघी. लेकीने चाचणी सोडवली की माझा धडा थेट नववीत! 5 पैकी 3 तारे. दुसरं खातं द्या, चौथा लगेच देते.