सेंट ट्रोपेचा हिवाळी फोटोवॉक : सोमवार फुकट गेला, मंगळवारने वाचवलं (३.५ स्टार)

जानेवारीत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेंट ट्रोपेला फोटो काढायला चाललेय म्हटल्यावर ऑफिसातल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, तेव्हा तिथं असतं काय? म्हटलं, तेच तर बघायचंय. उन्हाळ्यातले यॉट, बिकिन्या आणि सेलिब्रिटी बघून बघून डोळे शिणलेत, पण तिथं बारा महिने राहणारी साधारण ४,००० माणसं आहेत, ती हिवाळ्यात भाजी कुठून आणतात, दुपारी करतात काय, हे कुणी दाखवतच नाही. म्हणून एका लोकल कंपनीचा दोन दिवसांचा 'विंटर लाईफ' फोटोवॉक, म्हणजे गाईडबरोबर चालत फोटो काढायची फेरी, बुक केला. सोमवारी दुपारी तीन तास, मंगळवारी सकाळी चार तास आणि शेवटी एडिटिंग सेशन, सगळं मिळून १८० युरो. ग्रुप जास्तीत जास्त चार जणांचा असं लिहिलेलं, निघालो सात जण, त्यात एक जण ड्रोन घेऊन आलेला आणि तो शेवटपर्यंत बॅगेतच राहिला.

आधी पोचण्याचं सांगते कारण हे कुणी नीट सांगत नाही. सेंट ट्रोपेला रेल्वे नाही. सेंट राफाएलपर्यंत ट्रेन, मग आखाताच्या कडेकडेने बस. उन्हाळ्यात याच रस्त्यावर गाड्या तासन्‌तास तुंबलेल्या असतात, आम्हाला मात्र बसमध्ये शाळेची पोरं आणि मांडीवर ब्रेडची पिशवी घेतलेली एक आजी एवढीच सोबत. खरं तर फोटोवॉक तिथूनच सुरू व्हायला हवा होता, खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली, त्यावर एक पोरगा बोटाने मासा काढत बसलेला, आणि माझा कॅमेरा वरच्या रॅकवर.

आता सोमवार. गाईड म्हणून एक तरुण मुलगा आला, बोलायला गोड, पण त्याचं सगळं लक्ष इथं कोण स्टार कुठं उतरतो यावर. जुन्या बंदरावर नेलं, मग ब्रँडेड दुकानांच्या गल्लीत. बंद शटर, काचेला आतून लावलेले कागद, एका शोरूममध्ये कपडे काढून उभे केलेले पुतळे, उन्हाळ्यात जिथं अजस्र यॉट पाठ करून लागतात तिथं नुसतं पाणी. 'बघा, ग्लॅमर झोपलंय!' हे तो तीनदा म्हणाला. पहिल्यांदा मी पण खूश होऊन पंधरावीस फोटो मारले. रात्री लॅपटॉपवर बघते तर सगळे एकाच साच्यातले, कुठल्याही समुद्राकाठच्या गावातल्या ऑफ सीझनचे वाटावेत असे. रिकामेपणाचे फोटो काढणं लई सोपं असतं हो, शटर बंद दिसलं की आपोआप उदास फोटो तयार, पण त्यात गाव कुठंय? त्या शटरच्या वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी खिडकीत लाईट लागलेला होता, तिकडे त्याने एकदाही बोट दाखवलं नाही.

इतिहास तर शून्य. ज्या रंगीत इमारतींचे आम्ही फोटो काढत होतो त्या बंदराचा मोठा भाग ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंग लावून उडवला होता आणि युद्धानंतर जुन्या वळणाने परत बांधला, हे मला संध्याकाळी स्वतः वाचून कळलं. हे तिथं उभं असताना कळलं असतं तर मी त्या भिंतींकडे वेगळं बघितलं असतं ना.

आणि ट्रायपॉड! भाड्याने १५ युरो. एका पायाचं लॉक घसरत होतं, हळूहळू कॅमेरा समुद्राला नमस्कार करायला लागायचा. त्यात आम्हाला सूर्यास्ताला उभं केलं जां रेव्हेय नावाच्या धक्क्यावर, मिस्त्राल सुटलेला असताना. मिस्त्राल म्हणजे वायव्येकडून येणारं तिथलं थंड, कोरडं वारं, आणि सेंट ट्रोपेचं बंदर या किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांसारखं दक्षिणेकडे नाही तर उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ते वारं सरळ अंगावर येतं. लाँग एक्स्पोजरचा, म्हणजे शटर काही सेकंद उघडं ठेवून काढायच्या फोटोंचा, बोऱ्या वाजला. फिल्टरवर खारे शिंतोडे, ते पुसायला गेलं की आणखी फराटे. शेवटी ट्रायपॉड मिटवला, कठड्याला टेकून बसले, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० वर नेला आणि कॅमेरा हातात धरूनच काढले. एक गोष्ट मात्र मान्य, मिस्त्रालने हवा अशी धुतलेली असते की आखातापलीकडे लांबवर आल्प्सचा बर्फ दिसतो, पाच वाजायच्या सुमारास त्यावर गुलाबी झाक येते आणि दहा मिनिटांत सगळं संपतं. पण याचं क्रेडिट वाऱ्याला, कंपनीला नाही.

इतपत झाल्यावर मी दोन स्टार देऊन मोकळी होणार होते.

मंगळवारी गाईड बदलली. साठीच्या आसपासची बाई, जाड स्वेटर, गळ्यात एकच जुना कॅमेरा आणि एकच ३५ एमएम लेन्स. आठ वाजता, जेमतेम उजाडत होतं, तिने प्लास दे लिसवर बोलावलं. या चौकात मंगळवारी आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो. आल्या आल्या पहिलं काय तर म्हणे सगळ्यांनी कॅमेरे आत ठेवा, अर्धा तास बाहेर काढायचे नाहीत, काहीतरी विकत घ्या आणि प्रत्येकाला आधी 'बाँजूर' म्हणा. ड्रोनवाला वैतागला. मी संत्री घेतली.

मग तिने कायद्याचं सांगितलं, आणि हे मला फार उपयोगी वाटलं. फ्रान्समध्ये दिवाणी संहितेच्या कलम ९ मध्ये खासगी आयुष्य जपण्याचा हक्क दिलाय, त्यातूनच आपल्या प्रतिमेवरचा हक्क आलाय, म्हणजे ओळखू येईल असा चेहरा परवानगीशिवाय छापला किंवा पोस्ट केला तर ते माणूस भांडू शकतं. तिचं म्हणणं सरळ होतं, लपून काढू नका, आधी ओळख करा, फोटो झाला की दाखवा, नको म्हणाले तर समोरच डिलीट करा. दोघं नको म्हणाले. एका फुलवालीने हो म्हटलं आणि मग केस नीट करायला पाच मिनिटं घेतली, तेवढ्यात ऊन आलं, म्हणजे फायदाच.

उजेडाचंही तिनेच दाखवलं. चौकात चिनारच्या जातीची म्हातारी प्लेन झाडं आहेत, उन्हाळ्यात त्यांची गर्द सावली आणि जमिनीवर कवडसे, चेहऱ्यावर नुसते ठिपके येतात. हिवाळ्यात पानं झडलेली, सूर्य खाली, त्यामुळे ऊन खोडांच्या मधून आडवं येतं आणि लीकच्या जुड्या, आर्टिचोकचे ढीग, लोकांच्या तोंडातून निघणारी वाफ हे सगळं बाजूने उजळतं. जूनमध्ये हे मिळणारच नाही.

बाजार पांगायला लागला तसे एकेक करून पेटांक खेळणारे आजोबा जमले. हा लोखंडी गोळे फेकायचा खेळ, लाकडी छोट्या गोळीच्या जास्तीत जास्त जवळ कुणाचा गोळा जातो ते बघायचं. आम्ही सगळे शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर लावून हवेतला गोळा पकडायच्या मागे लागलो. बाई म्हणाली, ते फोटो सगळ्यांकडे असतात, हात बघा. तेव्हा दिसलं. एका आजोबांच्या खिशातून दोरी लोंबत होती, दोरीच्या टोकाला लोहचुंबक. आपली फेक झाली की ते सावकाश चालत जायचे, दोरी खाली सोडायची, टक् करून गोळा चिकटायचा आणि वर ओढून घ्यायचा, कंबर वाकवायची भानगडच नाही. दोरीला मधे तीन गाठी होत्या, तुटून परत बांधलेली असणार. मी गुडघ्यावर बसून फक्त ती दोरी, गोळा आणि त्यांचे चकचकीत पॉलिश केलेले बूट काढले. अंतरावरून वाद झाला तेव्हा टेप निघाली, चौघं वाकून बघतायत, ज्यांची कंबर वाकत नव्हती ते चुंबकवाले आजोबाही वाकले! दोन दिवसांतले माझे सगळ्यात आवडते दोन फोटो इथलेच.

पुढे बंदर आणि प्लास ओ एर्ब यांच्या मधल्या बोळातला मासळी बाजार. जागा इतकीशी की ३५ एमएमच्या लेन्समध्येसुद्धा सगळं मावत नाही, सात जण आत शिरल्यावर खऱ्या गिऱ्हाइकांना जागा नाही. चार जणांचा ग्रुप कशासाठी हवा ते इथं कळतं. मी बाहेर थांबले आणि पिशव्या घेऊन निघणारे लोक काढले, खरं तर तेच बरं झालं. त्यानंतर ती आम्हाला पाण्यापाशी घेऊन गेली, तिथं पॉइंटू म्हणतात त्या दोन्हीकडे निमुळत्या लाकडी होड्या बांधलेल्या, एक माणूस जुना रंग खरवडत होता, निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली परत निळा. चित्रकार पॉल सिन्याक १८९२ मध्ये बोटीनेच इथं आला आणि रमला, ते तिने इथं सांगितलं, त्या रंगांसमोर. त्याची चित्रं बंदरावरच्या लानॉन्सियाद म्युझियममध्ये आहेत. जुनं चॅपल आहे ते, आणि वाऱ्याने गारठलात तर आसरा म्हणूनही चांगलं.

शेवटचं एडिटिंग सेशन म्हणजे विनोदच. ठरलेल्या कॅफेच्या दारावर वार्षिक सुट्टीची पाटी. हिवाळ्यात इथली बरीच हॉटेलं बंद असतात हे त्यावरच टूर विकणाऱ्या कंपनीला माहीत नसावं? बाकावर बसून, लॅपटॉपवर जॅकेट पांघरून, वीस मिनिटांत उरकलं. बाई बिचारी ओशाळली, तिची काही चूक नव्हती.

जायचं असेल तर मंगळवार किंवा शनिवार सकाळ धरूनच बुक करा, गाईड कोण ते आधी विचारा, ट्रायपॉड त्यांचा घेऊ नका, आणि बोटं उघडी राहतील असे हातमोजे न्या. मी सेशनचे आणि ट्रायपॉडचे पैसे परत मागितलेत, दोनदा मेल केलाय. उत्तर आलं तर अर्धा स्टार वाढवेन.