माळकऱ्याच्या रानात: बैलजोडी की भाड्याचा ट्रॅक्टर?

नांगरटीपुरता वाद नाही. ट्रॅक्टर एकरभर रान दोनेक तासांत उलथतो, खिलार जोडीला त्यालाच दोन दिवस लागतात. पेरणीनंतर मात्र पारडं फिरतं. सोयाबीनच्या ओळींतून कोळपं (तण काढायचं अवजार) हाकायला बैलासारखा बैलच. मोठ्या ट्रॅक्टरचं चाक पीक तुडवतं. वापसा आला (पावसानंतर रान कामाजोगं झालं) की गावभर एकाच ट्रॅक्टरची ओढाओढ, दावणीचा बैल मात्र आपला. वर शेणखत.

बोचतो तो खर्च. काम संपलं की ट्रॅक्टरचं भाडं थांबतं. बैलाला कडबा-पेंड बारा महिने, एकादशीलासुद्धा (उपास आपला, त्याचा नव्हे). २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. माळकऱ्यानं म्हातारा बैल कसायाला दिलाच नसता म्हणा. पण थकलेली जोडी विकून नवी घ्यायची वाट इतरांनाही अवघड झाली.

आळंदीहून निघणारा माउलींचा रथ आजही बैलच ओढतात, आणि त्या मानासाठी जोडी जपली जाते. रथाचा मान वेगळा, दोन एकरांचा हिशेब वेगळा. एवढ्या रानाला मी नांगरट भाड्यानं करीन, आणि शेजाऱ्याशी सावड करून (त्याचा बैल माझ्या कामाला, माझा त्याच्या) एकेक बैल सांभाळीन.