सहावं सूप

रात्री साडेआठच्या त्या मालिकेचा गणपतीचा आठवडा आम्ही पहिल्या भागापासून सहाव्यापर्यंत बघितला. नाव मुद्दाम लिहीत नाही, माझ्या भाच्याची गाडी त्यांच्या शूटिंगला भाड्याने असते. बघणाऱ्यांना कळेलच: दोन भाऊ, एक मुंबईला, एक गावाला, आणि मूळ घरातला एकच गणपती.

आमचं घर गुहागर तालुक्यात, खाडीच्या कडेला. गावात राहिलेली जाऊ ती मी. मुंबईच्या जाऊबाई शेजारच्या खुर्चीत बसून बघत होत्या.

आधी जे डोक्यात गेलं ते. चाकरमानी येतात ते पांढऱ्याशुभ्र गाडीतून, टायरला चिखलाचा ठिपका नाही. मुंबई-गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललंय; आमच्या भावोजींची गाडी अंगणात आली तेव्हा नंबर वाचायला पोराने आधी बादलीभर पाणी मारलं. भाषेचं तर विचारूच नका. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ आली, ती सिंधुदुर्गातली, तिथे मालवणी शोभून दिसली. तेव्हापासून कोकण म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी ‘इलो’ नि ‘गेलो’. आमच्या गुहागरात कोण असं बोलतं?

आणि मोदक साच्यातले! साबणाच्या वड्यांसारखे, एक झाकावा नि दुसरा काढावा. धाकटी सून उकड दाबतेय, हात कोरडे ठणठणीत, मनगटात डझनभर बांगड्या. उकड गरम असतानाच मळावी लागते. तळहात लाल होतो, मध्ये मध्ये गार पाण्यात बोटं बुडवायची, अंगठा आत फिरवत पारीची कड पातळ करत न्यायची आणि मग चिमटीने कळ्या काढायच्या. त्या बाईंनी एकदा तरी हाताला फुंकर मारायला हवी होती.

गौर दाखवली ती घाटावरची, मखरात उभी, पुढे पुरणपोळी. आमच्याकडे गौर तेरड्याची, पोरी पाणवठ्यावरून आणतात. दुसऱ्या दिवशी तिला तिखटाचा नैवेद्य, वडे आणि मटण, नि तेवढ्यापुरता गणपतीच्या बाजूने पडदा. घाटावरून आलेली शाकाहारी सून त्या पडद्याच्या कुठल्या बाजूला बसणार, एवढ्यावर सहा भाग निघाले असते. आमच्या घरात निघालेत.

पण चौथा भाग. त्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

मुंबईच्या नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे भरलेली सुपं नात्यातल्यांना द्यायची आमच्याकडची रीत. सुपं भरून ओळीने मांडलेली, पानं, काकडी, सुपारी, वर दोरा गुंडाळलेला. सासूने यादी करून आणलीय, कोणाकोणाला सूप द्यायचं त्याची. पाच सुपं. पोरगी एकेक उचलून वाकून देते, घेणारा तिच्या हातावर काही ना काही ठेवतो. पाच संपतात. गावची काकू पदर सावरून उभीच राहिलेली. पोरगी सासूकडे बघते, सासू हळू आवाजात म्हणते, “त्यांना कशाला खर्चात पाडायचं?”

काकू काही बोलत नाही. आत जाते आणि समई घासायला घेते. घासलेलीच असते ती.

संगीत नाही, तीन तीनदा वळणारे चेहरे नाहीत. ज्याने हा प्रसंग लिहिला त्याच्या घरात ओवसा होत असणार, किंवा त्याने कोणाला तरी नीट विचारलं असणार. ‘आम्ही एवढ्या लांबून येतो’ हे वाक्य सगळ्याच मालिकांत असतं. खर्च वाचवतोय असं दाखवून माणूस वगळायचं, हे मी पडद्यावर पहिल्यांदा बघितलं. जाऊबाई एकदम म्हणाल्या, “पंखा जरा कमी कर गं.” पंखा बंदच होता, संध्याकाळपासून व्होल्टेज नव्हतं. आमच्याकडे हे झालं त्याला दहाएक वर्षं झाली. तेव्हा सुपं सात होती.

पुढच्या दोन भागांत सगळं पाण्यात. सहाव्या भागात आरतीच्या वेळी मोठी जाऊ रडते, काकू तिला मिठीत घेते, भाऊ भावाच्या हातात ताम्हण देतो, संपलं. वीस मिनिटांत! आमच्याकडे आरतीला ताम्हण आधी कोणी धरायचं यावर अजून दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता उभे राहतात आणि शेवटी माझा मुलगाच ते उचलतो.

काकूचं काम करणाऱ्या बाईंना पैकीच्या पैकी. मालिकेला पाचांत अडीच, त्यातले दोन चौथ्या भागाचे. मोबाइलवर बघणार असाल तर पहिले तीन भाग पळवा. जाऊबाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी, मी भांडी आवरत असताना, चौथा पुन्हा लावला होता, आवाज बारीक करून.