मण्यांना पाच तारे, माहितीपत्रकाला एक

जुळ्या मुली नववीत. आनुवंशिकतेचा धडा डोक्यावरून जातोय म्हणून 649 रुपयांचा हा खोका ऑनलाइन मागवला. आत दोन कापडी पिशव्या, लाल-पांढरे लाकडी मणी, कार्डं आणि मराठी माहितीपत्रक.

मणी झकास. एक पिशवी आईची, एक बाबांची. दोन्हींत लाल-पांढरे निम्मे निम्मे. न बघता दोन्हींतून एकेक मणी काढायचा. लाल म्हणजे गोल वाटाण्याचं प्रभावी जनुक, पांढरं सुरकुतलेल्याचं, अप्रभावी. जोडीत एक जरी लाल आला तरी वाटाणा गोल. म्हणजे वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलच्या हिशोबाने चारांत साधारण तीन गोल यायला हवेत. पहिल्या आठ जोड्यांत चार सुरकुतलेले निघाले आणि धाकटीने जाहीर केलं, "मेंडेल फेकतोय." शंभर जोड्या झाल्यावर 77 गोल, 23 सुरकुतलेले. मग मी मेंडेलचा हिशोब सांगितला: 7324 दाण्यांपैकी 5474 गोल, 1850 सुरकुतलेले. "एवढे मोजत बसला?" म्हणाली, पण गप्प झाली. परातीत जोड्यांचे ढीग तीन, वाटाणे मात्र दोनच प्रकारचे! जनुकविधा (आतली जनुकांची जोडी) आणि स्वरूपविधा (बाहेर दिसणारं रूप) यांतला फरक मला शाळेत कधी इतका सरळ कळला नव्हता.

माहितीपत्रक मात्र मशीनने भाषांतर केलेलं दिसतंय. अप्रभावीला "मागे हटणारा", संकराला, म्हणजे इंग्रजीतल्या 'क्रॉस'ला, चक्क "फुली". "वाटाण्याच्या दोन झाडांची फुली करा" वाचून आम्ही तिघी पाच मिनिटं हसत होतो. पाठ्यपुस्तक शेजारी उघडं ठेवूनच वापरा.

खरी तक्रार जिभेच्या कार्डाबद्दल. त्यावर छापलंय की जिभेची नळी करता येणं एकाच प्रभावी जनुकावर ठरतं. माझ्या मुली एकाच फलित अंड्यातून झालेल्या, म्हणजे जनुकं सारखीच. थोरलीची जीभ पन्हाळीसारखी वळते, धाकटीची आरशासमोर तासभर खटपट करूनही सपाटच. 1940 मध्ये ही कल्पना मांडणाऱ्या आनुवंशिकीतज्ज्ञ स्टर्टेव्हंटनेच पुढे, अशा जुळ्यांची पाहणी झाल्यावर, ती सोडून दिली होती. कार्ड छापणाऱ्यांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

कंपनीला तसं कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: "मॅडम, कृपया मुलीची जीभ पुन्हा तपासून पाहा."