पहिला बोर्ड म्हणून आर्डुइनो उनो आर 3

आर्डुइनो उनो आर 3 म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स शिकायला वापरतात तो, प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड. कागदावर तो जुनाच वाटतो: 8 बिटांची एटीमेगा328पी चिप, 16 मेगाहर्ट्झ, रॅम जेमतेम 2 किलोबाइट, वायफाय नाही. तरी शिकायला हाच घ्यावा, कारण तो चुका पचवतो. फक्त सॉकेटमध्ये बसवलेली लांब, 28 पायांची चिप असलेलाच निवडा. चिप जळली तर तेवढीच बदलता येते. नवी मात्र बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्राम चढवून घेणारा छोटा प्रोग्राम) घातलेली हवी.

एलईडीला 220 ओहमचा रेझिस्टर (प्रवाह रोखून धरणारा भाग) लावाच. पिनच्या 5 व्होल्टपैकी लाल एलईडीवर साधारण 2 पडतात, उरलेल्या 3 ला 220 ने भागलं की 14 मिलिअँपिअरच्या आत येतं. पिनवर 20 च्या पुढे जाऊ नये.

सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) बोर्डच्या 5 व्होल्ट पिनवरून चालवली की बोर्ड मधेच रीसेट होतो आणि नवशिके कोडमध्ये चूक शोधत बसतात. खरं कारण म्हणजे मोटर हलताना प्रवाह एकदम वाढतो, व्होल्टेज खाली येतं. मोटरला वेगळा 5 व्होल्ट सप्लाय द्या, ग्राउंड (ऋण बाजू) मात्र दोन्हींचं एकत्र जोडा. हे ग्राउंडच हमखास राहतं!

ब्रेडबोर्ड म्हणजे सोल्डर न करता भाग जोडायची भोकांची पाटी. लांब ब्रेडबोर्डच्या कडेची लाल रेघ मध्यावर तुटक दिसली, तर आतली धातूची पट्टीही तिथेच तुटलेली असते. जंपरने (छोट्या तारेने) जोडून घ्या.

प्रोग्राम चढत नसेल तर आधी केबल बदला, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. मग पिन 0 आणि 1 मोकळ्या करा. यूएसबीवरून येणारा प्रोग्राम त्याच पिनांच्या वाटेने चिपमध्ये जातो.