घोड्यांच्या वासाची पुस्तकं

कोल्हापुरातल्या बिंदू चौकाजवळच्या या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी दर रविवारी जातो. आजोबा संस्थानच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते, त्यामुळे घोडा दिसला की पुस्तक उचलायचंच. परवा दुकानदार म्हणाले, "काका, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय." डिक फ्रान्सिसची रहस्यकथा, साठ रुपये.

हा माणूस वेल्सचा, जन्म 1920चा. आधी नावाजलेला जॉकी. 1956च्या ग्रँड नॅशनल या इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतीत ब्रिटनच्या राजमातेचा डेव्हन लॉक हा घोडा घेऊन तो सगळ्यांच्या पुढं होता, आणि शेवटची रेषा हाकेवर असताना घोडा एकदम पोटावरच बसला! का, ते आजही कुणाला नक्की सांगता येत नाही. वाचताना माझ्या पोटात कालवलं. पुढच्याच वर्षी त्यानं रिकीब सोडून लेखणी धरली. आधी आत्मचरित्र, 1962 पासून रहस्यकथा, 1986 मध्ये जॉकी लेस्टर पिगॉटचं चरित्र. खोगिराचा पट्टा कुणी कापला असेल, हे असं स्वतः पडलेलाच लिहू जाणे.

माझ्या प्रतीत शेवटची चार पानं नव्हती, रहस्यकथेत हे फार लागतं. पण दुकानदारांनी कुरकुर न करता आठवड्यात दुसरी प्रत दिली, वर पैसे घेतले नाहीत. जागा अरुंद आहे, वरच्या फळीसाठी स्टूल मागून घ्या. पिगॉटचं चरित्र मी सांगून ठेवलंय.