रोलबॅक मारू की सेव्हपॉइंट लावू?
पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक क्वेरी फसली की त्या ट्रान्झॅक्शनमधली (एकत्र टिकणाऱ्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या क्वेरींच्या गटातली) पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते, म्हणून टीममधला एकजण विचारत होता की काय करू: रोलबॅक (सगळं ट्रान्झॅक्शन रद्द) की सेव्हपॉइंट (मध्ये खूण ठेवायची आणि फसलं की फक्त तिथपर्यंत मागे यायचं). (एरर गिळून पुढे जाणं हा पर्याय नाहीच रे बाबा.)

मेहनत बघितली तर रोलबॅक सोप्पा, एक ओळ, पण आधीचं सगळं काम जातं आणि उघडा सर्व्हर साइड कर्सरही (मोठा निकाल सर्व्हरवर ठेवून थोड्या थोड्या ओळी आणणारा) बंद होतो, मग पुढच्या ओळी मागितल्या की नवीन एरर. सेव्हपॉइंटपर्यंतच मागे आलं तर त्याच्या आधी उघडलेला कर्सर मात्र टिकतो. जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये एका अ‍ॅटॉमिक ब्लॉकच्या (ट्रान्झॅक्शनमध्ये चालणाऱ्या कोडच्या) आतला दुसरा अ‍ॅटॉमिक ब्लॉक सेव्हपॉइंटच लावतो.

स्पीडला सेव्हपॉइंट मार खातो, एका ट्रान्झॅक्शनमध्ये डेटा लिहिणारे सेव्हपॉइंट ६४ च्या वर गेले तर जास्तच.

साध्या फॉर्म सेव्हला रोलबॅक, सीएसव्ही इम्पोर्टमध्ये खराब ओळीचा गठ्ठा सोडून पुढे जायचं असेल तर सेव्हपॉइंट, तोही शंभर-शंभर ओळींच्या गठ्ठ्याला एक.